फोकवाल्या काकींचे टोमॅटो

काकी रोज सकाळी टोमॅटोच्या झाडांना मारायच्या. लग्न होऊन मी जुन्नरहून बोईसरला आले, तेव्हा नवापूर रस्त्याला त्यांच्या वाडीच्या कडेच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. पहिल्याच सकाळी सपसप आवाजाने मला जाग आली. वाटलं, कुणीतरी पोराला झोडपतंय. खिडकी उघडली तर समोर एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात निरगुडीचा ओला फोक. टोमॅटोच्या रांगेतून ती चालली होती आणि डावीकडे एक, उजवीकडे एक असे फटके देत होती. तोंड चालूच. "नुसती फुलं मिरवतेस गं भवाने! फळ धर! नायतर मुळासकट काढीन तुला."

माझं माहेर टोमॅटोवाल्यांचं. फूल हललं की फळ धरतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण फूल हलवायला बोटाची टिचकी पुरते. काकी मारायच्या. पानं फाटायची, एखादी फांदी लोंबायला लागायची, आणि तरी त्या झाडांना इतकी फळं यायची की आधाराचे बांबू वाकायचे. गावात त्यांना मागे 'फोकवाल्या काकी' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

वाडीत जे जे नको, ते त्या स्वतःच्या हातांनी मारायच्या. गोगलगाय दिसली की टाचेखाली. अळी दिसली की दोन बोटांत चिरडायची आणि बोटं पदराला पुसायची. एकदा पिकते टोमॅटो टोचणारा कावळा त्यांनी दगडाने पाडला आणि बाकीच्या कावळ्यांना समजावं म्हणून बांबूला उलटा टांगला. तो पार वाळेपर्यंत आम्ही त्या बाजूची खिडकी उघडली नाही. माझा नवरा कंपनीच्या बसने शिफ्टला जाताना त्याच्याकडे न बघता पुढे जायचा. "काकी, बिचाऱ्याची दया येत नाही का?" असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "दया करायची तर मानसाची करावी. तीबी ओळकून."

त्यांच्या डाव्या भुवईवर एक जुनी खूण होती आणि करंगळी आतल्या बाजूला वळलेली होती. मी न विचारताच एके दिवशी भाजी निवडताना त्यांनी सांगून टाकलं. "ही भुवई आमच्या म्हाताऱ्यानं फोडलेली. चुलीतलं लाकूड होतं. बोट मोडलं ते दारात चेचून." म्हातारा म्हणजे त्यांचा नवरा. तो वारून बरीच वर्षं झाली होती.  काकींनी शेंगेचा दोर ओढून काढला आणि म्हणाल्या, "मारायचा, पन नारळाची बाग कशी लावली होती बग त्यानं. हाताला गुन होता." त्या बोलण्यात कौतुक होतं की तिरस्कार, ते मला तेव्हाही समजलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

टोमॅटो लाल झाले की काकी परीक्षा घ्यायच्या. पुढच्या वर्षी वाडीत काय लावायचं, ते त्या परीक्षेत ठरायचं. प्रत्येक झाडावरचे दोन पिकलेले टोमॅटो घ्यायच्या. एक चिरून मिठाबरोबर खायच्या. दुसरा सगळी ताकद लावून विहिरीच्या कठड्यावर आपटायच्या. फुटून चारी बाजूंना उडाला तर त्या झाडाचं बी ठेवायचं. नुसता चेपून खाली पडला तर ते झाड त्याच क्षणी उपटायचं, त्याला अजून पंचवीस फळं का लटकलेली असेनात. "जो भिंतीवर फुटत नाय, तो कालवनात काय फुटनार?" हे त्यांचं वाक्य. माझे वडील नेमकं उलट बघायचे. त्यांना क्रेटमध्ये दाबून दूरच्या बाजारात जाणारा, जाड सालीचा टोमॅटो हवा असायचा. काकींना विकायचे नव्हते, खायचे होते. म्हणून त्यांच्या वाडीत वर्षानुवर्षं एकच गावठी वाण टिकून होता. चपटा, लाल भोपळ्यासारख्या चिरांचा, पातळ सालीचा, जिभेला झिणझिण्या आणणारा आंबट. सुक्या जवळ्यात पडला की घरभर वास.

मला मात्र माहेरचा अभिमान होता. दुसऱ्या वर्षी दिवाळीला गेले तेव्हा वडिलांकडून लांबट फळाच्या हायब्रीडची रोपं आणली. काकींनी नाक मुरडलं, पण विहिरीजवळची एक रांग दिली. रोपं तरारली, माझ्या कमरेला लागली. मग एका दुपारी त्यांतल्या एकाने हिरव्यागार पानांसकट मान टाकली. दुसऱ्या दिवशी शेजारच्याने. आमच्याकडे याला मर म्हणतात. मुळातून लागते, औषध नाही. मी रोज तांब्याने पाणी घालत होते, पानं पुसत होते. काकींनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी त्या रांगेत घुसल्या आणि एकेक झाड केसाला धरून ओढावं तसं ओढून काढलं. धुण्याच्या दगडावर आपटून मुळांची माती झाडली आणि सगळ्यांना पेटवून दिलं. मी रडायला लागले.

"रडतेस काय, जुन्नरवाले?" त्या मला जुन्नरवालीच म्हणायच्या. "तुज्या माहेरचं मानूस नाय मेलं. झाड मेलं. जे जगनार नाय त्याला कवटाळून बसशील तर बाजूचं बी मारशील."

संध्याकाळी माझ्या दारात एक वाटी ठेवलेली होती. त्यांच्या गावठी टोमॅटोतला जवळा. वर झाकण म्हणून उपडी बशी आणि बशीवर दगड, मांजराने उलथू नये म्हणून.

काकींना एकच मुलगा, नितीन. कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. देखणा, हसरा, माझ्या नवऱ्याशी क्रिकेटवर तासभर बोलणारा. त्याचं लग्न सफाळ्याकडच्या वैशालीशी झालं. वैशाली बारीक चणीची होती, पण उलट बोलायला घाबरत नव्हती. मोबाइलवर बागकामाचे व्हिडिओ बघून तिने चेरी टोमॅटोच्या बियांचं पाकीट मागवलं. नवरात्र होऊन गेलं होतं, वाफे तयार होते. काकी पाकिटावरचं चित्र डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या.

"हे टोमॅटो हाय का बोरं?"

"टोमॅटोच आहेत, आई. गुच्छच्या गुच्छ येतात. गोड असतात."

"गोड टोमॅटो? मंग त्याची खीर करायची काय? एका कालवनाला शंभर चिरत बसशील."

"चिरायचे नसतातच. तोंडात टाकायचे."

"आमच्या तोंडात दात हायत. आमी चावतो."

"मग चावून बघा. एक रांग द्या मला. नाही आवडले तर तुमच्या हाताने उपटा."

काकींनी माझ्याकडे बघितलं. उलटून बोलणारी माणसं त्यांना आवडायची, पण तसं दाखवणं मान्य नव्हतं. "कुंपनाकडची घे," त्या म्हणाल्या. "आनि उपटायला मी लाजनार नाय, सांगून ठेवते."

परीक्षेचा दिवस आला. काकींनी वैशालीच्या झाडावरचा एक दाणा चावून खाल्ला. दुसरा कठड्यावर फेकला. तो फुटला नाही. टप्पा घेऊन परत आला आणि काकींच्याच छातीवर आपटला. वैशालीने तोंडात पदर कोंबला. मी वळून खोलीत पळाले. बाहेरून काकींचा आवाज आला, "हसतेस काय? मारकुटा हाय मेला." त्या वर्षी कुंपणाकडची रांग उपटली गेली नाही.

पुढच्या हंगामात, रोपं नुकतीच बांबूला बांधली होती तेव्हा, वैशाली एका सकाळी पाण्याला आली ती जबडा सुजलेला घेऊन. मी विचारलं. "विहिरीवर घसरले, ताई," ती म्हणाली. काकी तिथेच रांगेत फोक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे बघितलं, मग विहिरीकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

"विहीर चापट मारते काय गं?"

वैशाली हंडा उचलून निघून गेली. काकींनी फोक कुंपणावर टाकला आणि घरात गेल्या. त्या सकाळी झाडांना मार पडला नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. मी चार-सहा दिवस वाट बघितली आणि मग एका दुपारी स्वतःच बोटाने टिचक्या मारत रांगेतून फिरले.

त्यांच्या घराची आणि आमची भिंत एकच असल्याने आम्हाला ऐकू यायचं. भांडं पडल्याचा आवाज, मग धप्प, मग शांतता. नितीन दुसऱ्या दिवशी अंगणात तसाच हसरा. माझ्या नवऱ्याने एकदा त्याला बाजूला घेऊन समजावलं, तर म्हणाला, "घरातलं आहे भाऊ, तुमी नका पडू." काकी मध्ये पडायच्या, त्याला ढकलायच्या, शिव्या द्यायच्या. तो आईला कधी हात लावत नसे. दार ओढून घ्यायचा आणि आतून कडी लावायचा. काकी दारावर मुठी आपटत राहायच्या.

एका रविवारी दुपारी तो वैशालीला घराबाहेर घेऊन आला. घेऊन म्हणजे केसांना धरून. तिने तिच्या भावाला फोन केला होता, एवढं कारण. टोमॅटोच्या रांगांमधून त्याने तिला फरफटत नेलं, रस्त्याच्या फाटकाकडे. बांधलेली झाडं तिच्या अंगाखाली मोडत होती. ती ओरडत नव्हती, दोन्ही हातांनी स्वतःचे केस धरून मागे मागे घसटत होती. मी धावले. माझ्या आधी काकी पोचल्या.

त्यांनी झाडाचा बांबू जमिनीतून उपसला. सुतळीला टोमॅटोचं झाड तसंच लोंबत होतं. त्यासकट त्यांनी बांबू फिरवला. पहिला फटका नितीनच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, सुकी फांदी मोडते तसा. केस सुटले. तो हात पोटाशी धरून खाली बसला, पण काकी थांबल्या नाहीत. पाठीवर, खांद्यावर, मांडीवर. "आये! आये, नको!" तो ओरडत होता. बांबू चिरला, त्याच्या कपच्या काकींच्या तळव्यात घुसल्या, तरी त्या मारत राहिल्या. मी मागून त्यांना मिठी मारली आणि ओढलं. त्यांचं अंग तापलेल्या तव्यासारखं लागत होतं.

"सोड मना!" त्या किंचाळल्या. "याच्या बापाला मारायचं ऱ्हायलं होतं माजं! ते घेऊ दे याला!"

मग एकदम हातातून बांबू गळला. त्या तशाच मातीत बसल्या आणि नितीनकडे बघत राहिल्या. तो तेव्हा लहान पोरासारखा रडत होता. काकींचा हात त्याच्या डोक्याकडे गेला. मध्येच थांबला. त्यांनी तो मागे घेतला आणि वैशालीच्या पाठीवर ठेवला.

दवाखान्यात नितीनने बाइकवरून पडलो म्हणून सांगितलं. तो परत यायच्या आधी काकींनी त्याची बॅग फाटकाबाहेर फेकली होती. कपडे रस्त्यावर पसरले होते आणि त्यांवरून एक रिक्षा गेली होती. तो बोईसरला मित्राच्या खोलीवर राहायला गेला.

भावकीतली माणसं आली. अंगणात खुर्च्या टाकून बसली. एक चुलत दीर म्हणाले, "वहिनी, पोटच्या पोराचा हात मोडलात. नवरा-बायकोत होतंच. उद्या म्हातारपणी हीच पोरगी तुमाला घास घालनार काय?"

काकींनी सगळ्यांना चहा दिला. मग दारात उभ्या राहून म्हणाल्या, "म्हातारा माजी भुवई फोडत होता तवा तुमी याच खुर्च्यांत बसून चा पीत होतात. तवाबी होतंच म्हनालात. चा झाला असल तर उठा."

त्यानंतर त्या दोघी बायका एकाच घरात राहिल्या. प्रेम उतू जात होतं असं नाही. काकी तिला भाताला जास्त पाणी घातलं म्हणून बोलायच्या, ती त्यांना झाडांना शिव्या घालू नका म्हणून बोलायची. फोक पुन्हा कधी काकींनी उचलला नाही. वैशाली इलेक्ट्रिकच्या दात घासायच्या ब्रशने फुलं हलवायची, व्हिडिओत बघून. काकी दारातून म्हणायच्या, "घास, घास. झाडांच्या तोंडाला वास येतो."

मोडलेली झाडं सावरली. फळं लाल व्हायला लागली. एका सकाळी दोघी बोईसरच्या बाजाराला गेल्या होत्या. माझा नवरा शिफ्टवरून येऊन झोपलेला. मी तांदूळ निवडत होते आणि मला छाटणीचा आवाज आला. नितीन होता. प्लॅस्टर निघालेलं होतं, हातात नारळ सोलायचा कोयता. तो एका टोकापासून रांगा कापत येत होता. सपासप, बुंध्यातून. झाड पडलं की फळं पायांनी चिरडत होता. गावठीची रांग संपवली, चेरीची धरली. मी खिडकीतून ओरडले, नवऱ्याला उठवलं. तो धावत बाहेर गेला तर नितीनने कोयता त्याच्याकडे रोखला. "भाऊ, तुमी लांब ऱ्हा. हे माजं हाय. माजी वाडी हाय."

तेवढ्यात फाटकापाशी रिक्षा थांबली. काकींनी पिशव्या खाली टाकल्या. वैशालीने त्यांचा पदर धरला, तो हिसडून त्या सरळ त्याच्याकडे चालत गेल्या. हातात काही नव्हतं.

"दे इकडं," त्या म्हणाल्या.

"आये, मागं हो."

"कोयता दे."

त्याने मारायला उचलला की ढकलायला, यावर पुढे कोर्टात पुष्कळ बोलणं झालं. मी बघितलं ते सांगते. त्याने तो उचलला, काकींनी उजवा हात आडवा घातला आणि पातं मनगटाच्या वर आत गेलं. काकी चिरडलेल्या टोमॅटोंवर पडल्या. नितीन कोयत्याकडे बघत उभा राहिला आणि मग पळाला, चपला तिथेच टाकून. वैशालीने स्वतःची ओढणी फाडून हात बांधला. माझ्या नवऱ्याने काकींना उचलून त्याच रिक्षात घातलं.

दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी होते. नर्स जखम धूत होती. चिमट्याने काहीतरी एकेक काढून ट्रेमध्ये टाकत होती. म्हणाली, "यात बिया आहेत कसल्या?" काकींचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं शुद्ध नाही. तेवढ्यात त्या पुटपुटल्या, "टाकू नको गं. गावठीचं हाय."

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी पर्समधून रुमाल काढून पुढे धरला.

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा भावकीची माणसं बाहेर उभी होती. एकाने मला सांगून ठेवलं होतं, वहिनींना समजवा, वाडीत काम करताना लागलं म्हणून सांगू द्या, पोराचं आयुष्य जाईल. मी ते काकींना सांगितलं, कारण सांगणं भाग होतं. त्यांनी मान हलवली आणि हवालदाराला म्हणाल्या, "लिवा. मारनारा नितीन. माजाच पोरगा हाय. मीच वाडवला." मग जरा थांबून, "आनि बायकोला मारायचा तेबी लिवा. ते आधी लिवा." अंगठा उठवायला हात उचलेना, तेव्हा डावा पुढे केला. जबाब झाल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. मी पाठीवरून हात फिरवला, तर म्हणाल्या, "जा तू. मना बगू नको."

वाडीत मी आणि वैशालीने पडलेलं सगळं गोळा केलं. चिरडलेली फळं, कुजायला लागलेला गर, माती. गावठी कुठली आणि चेरी कुठली हे सांगायची सोय नव्हती. आम्ही सगळं घमेल्यात धुतलं, बिया गाळल्या, रुमालातल्या त्यांत मिसळल्या आणि राखेत घोळून वाळवल्या. पाऊस संपल्यावर त्या पेरल्या. सगळ्या उगवल्या. वाफा भरून, खच्चून, एकमेकांच्या मानेवर बसल्यासारखी रोपं.

काकींच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नव्हती. शिरा तुटल्या होत्या. त्या वाफ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या आणि वैशालीला म्हणाल्या, "निवड."

"कोणती ठेवू?"

"ते तू ठरव. पन चारातली तीन जाया पायजेत."

वैशाली उकिडवी बसली. एका रोपाला हात लावला, सोडला. दुसऱ्याला लावला, सोडला. "सगळीच चांगली दिसतात, आई. कुंड्यांत लावू या उरलेली. वाटून टाकू."

"वाटशील तेवडी वाट. उरलेली तुलाच काढायची हायत. निवडनं म्हंजे काय, तोंडानं हे छान ते छान म्हननं? जे नको त्याच्या बुंद्याला हात घालायचा आनि वडायचं. आयुष्यभर मी ते नुसतं झाडांना केलं. ज्याला करायला हवं होतं त्याला उशिरा केलं. तू उशीर नको करू. उपट!"

वैशालीने पहिलं रोप उपटलं. मग दुसरं. मग ती थांबलीच नाही. दात घट्ट, गालांवरून पाणी, आणि दोन्ही हातांनी ओढून मागे फेकत होती. माती आमच्या अंगावर उडत होती. मधेच तिच्या तोंडून शिवी निघाली, मग अजून एक, आणि त्या शिव्या रोपांना नव्हत्या.  वाफा निम्म्याहून जास्त रिकामा झाला तेव्हा वैशालीने विहिरीच्या कठड्याच्या फटीत उगवलेल्या एका रोपाला हात घातला. बारीक पानांचं, चेरीचंच असावं. काकी म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. मारकुटं हाय ते. जगंल."

त्या वर्षी फळं धरली तेव्हा कळलं, वाडीत तीन रांगा गावठी होत्या आणि कठड्यावर चढलेलं एक चेरीचं झाड. वैशाली एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जायला लागली. संध्याकाळी शिफ्टच्या बसमधून उतरली की डबा न ठेवताच वाडीत शिरायची. पुढे नितीनला शिक्षा झाली. सुटल्यावर तो वापीकडे गेला असं समजलं. काकी त्याचं नाव घेत नव्हत्या, पण बोंबील आणले की त्याला आवडायचे तसेच, कडक तळायच्या, आणि स्वतः खायच्या नाहीत. घटस्फोटाचे कागद झाले तेव्हा वैशालीच्या भावाने तिला न्यायला गाडी आणली होती. तिने त्याला जेवू घातलं आणि रिकामी गाडी परत पाठवली.

नंतर माझ्या नवऱ्याला चाकणला काम मिळालं आणि आम्ही बोईसर सोडलं. निघताना काकी टेम्पोजवळ आल्या. कपाटाला दोरी नीट बांधली नाही म्हणून हमालांना शिव्या घातल्या, डाव्या हाताने स्वतः गाठ आवळली आणि मला म्हणाल्या, "जा. उभी राहू नको. मना रडता येत नाय नीट, मंग राग येतो."

दोन पावसाळे गेले आणि वैशालीचा फोन आला. काकी सकाळी वाडीत रोपं लावून घेताना पडल्या, दवाखान्यात पोचल्याच नाहीत. आम्ही मिळेल त्या गाडीने निघालो.

खाडीकाठच्या स्मशानात बरीच माणसं होती. चिता रचली होती. नितीन आला होता. पोट सुटलेलं, केस पांढरे झालेले, डोळे सुजलेले. तो खरोखर रडत होता, हे मला सांगितलं पाहिजे. भावकीच्या माणसांनी त्याला पुढे केलं आणि पाण्याचं मडकं त्याच्या खांद्यावर दिलं. तोच मुलगा, त्याचाच मान, कुणाला यात काही गैर दिसत नव्हतं.

बायका मागे थांबल्या होत्या. त्यांच्यातून वैशाली पुढे गेली आणि चितेच्या आणि नितीनच्या मध्ये उभी राहिली.

"मडकं खाली ठेव," ती म्हणाली.

"वैशाली, आज नको. माजी आई हाय."

"आईंनी मला सांगितलंय. पाणी मी देणार. ठेव खाली."

चुलत दीर ओरडले, "ए पोरी, बाजूला हो!" कुणीतरी तिचा दंड धरला. तिने तो इतक्या जोरात झटकला की धरणारा मागच्या माणसावर आदळला. नितीनचा मोकळा हात वर आला. ती जागची हलली नाही. तिने डोळेही मिटले नाहीत, तोंड आडवं केलं नाही. त्याच्या हाताकडे बघत राहिली.  मग त्याचा हात खाली आला. त्याने मडकं वाळूत ठेवलं आणि मागे सरून उभा राहिला.

वैशालीने चितेला अग्नी दिला आणि मडकं खांद्यावर घेतलं. माझ्या नवऱ्याने दगड उचलला आणि मडक्याला भोक पाडलं. पाण्याची धार तिच्या पाठीवरून उडत राहिली आणि ती चितेभोवती फिरली. शेवटच्या फेरीला तिने मडकं खांद्यावरून मागे टाकलं. ते दगडावर फुटलं. रीत आहे म्हणून असेल किंवा बघण्यासारखं मागे काही उरलं नव्हतं म्हणून असेल, ती मागे न बघता चालत माझ्यापर्यंत आली. तिचा ब्लाउज भिजून पाठीला चिकटला होता. "चला ताई," ती म्हणाली, "रोपं उन्हात आहेत."